तीन गुण कुणाचे?

१

पेपरांचं पाकीट वेळेआधी फोडलेलं होतं, याबद्दल कुणाचाच वाद नव्हता. लाखेचं सील तुटलेलं होतं, कपाटाची किल्ली एकाच बाईकडे होती आणि आपणच फोडलं हे त्या बाईने स्वतः सांगितलं होतं. वाद असलाच तर एवढाच होता, की तिला लगेच काढून टाकायचं की आधी चौकशी करून मग काढायचं. परीक्षा मंडळाने दुसरा मार्ग निवडला, कारण तो जास्त सभ्य दिसतो.

ही बातमी घेऊन धाकटा दीर दारात उभा राहिला तेव्हा ताळेबाई भाजी निवडत होत्या. ताळेबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. सगळी नोकरी परीक्षा मंडळात गुणांचे ताळे तपासण्यात गेली, म्हणून हे नाव पडलं, आणि निवृत्त झाल्या तरी ते चिकटूनच राहिलं. नवरा म्हणायचा, "हिने लग्नातसुद्धा पाहुण्यांचा ताळा करून पाहिला. एक कमी भरला. तो मीच होतो, मागच्या दाराने पळत होतो."

"वहिनी, हिला निलंबित केलंय," दीर म्हणाला. त्याचा आवाज आतल्या आत बसला होता. "प्रवेश परीक्षेचा पेपर फोडला म्हणतात. सोमवारी चौकशी आहे."

त्याची बायको म्हणजे ताळेबाईंची धाकटी जाऊ. दक्षिणेकडच्या शाळेत शिक्षिका आणि परीक्षेला केंद्रप्रमुख. लग्न होऊन आली तेव्हा कुकरची शिट्टी मोजता येत नव्हती, आणि चार वर्षांत गावभर 'बाई असावी तर अशी' झाली. कानामागून आली आणि तिखट झाली, असं ताळेबाई मोठ्याने कधी म्हणाल्या नव्हत्या. मनात मात्र पुष्कळदा म्हणाल्या होत्या. आत्ताही बातमी ऐकल्याबरोबर त्यांच्या मनाच्या एका कोपऱ्यात काहीतरी गोड हललं. ते हललेलं त्यांना स्वतःलाच दिसलं, आणि हातातली मेथीची जुडी त्यांनी उगाच उलटीपालटी केली.

मग त्यांनी विचारलं, "कुणासाठी फोडला?"

फोडला का, असं नाही. कुणासाठी.

दीर बाजूला सरकला, आणि त्याच्या मागे जिन्यात चपला काढत वाकलेली धाकटी सरळ उभी राहिली. तिने सगळं ऐकलं होतं.

२

गावात दोन शिक्षण विभाग होते. उत्तरेकडे रुंद रस्ते, झाडं, आणि मुलांना शाळेत सोडायला येणाऱ्या गाड्यांची रांग. दक्षिणेकडे गोदामं, आणि गोदामांमागे शाळा. कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला दोन्हीकडची मुलं एकाच केंद्रावर बसत, इमारतीच्या दोन बाजूंना. निकालानंतर मंडळ दोन आकडे जाहीर करी: दोन्ही विभागांची सरासरी. शाळाशाळांचे आकडे मंडळ बाहेर काढत नसे, उगाच कुणाला कमीपणा नको म्हणून. त्या दोन आकड्यांवर मग घरांचे भाव ठरत, लग्नं ठरत, आणि न्हाव्याच्या दुकानात भांडणं होत.

उत्तर बासष्ट, दक्षिण एकेचाळीस. कित्येक वर्षं हे आकडे जागचे हलले नव्हते. यंदा उत्तर पासष्ट झाली आणि दक्षिण चव्वेचाळीस. पहिला आठवडा हारतुऱ्यांत गेला. मग कुणालातरी तुटलेलं सील आठवलं. दोन्हीकडे एकदमच वाढ? आणि तीही सारखीच, तीन-तीन? वर्तमानपत्राने विचारलं, पेपर किती घरांत आधी पोचला होता?

धाकटी पाण्याचा पेला समोर ठेवून बसली होती. पाण्याला तिने हात लावला नव्हता.

"त्या दिवशी दक्षिणेच्या बाजूला साठ मुलं जास्त आली," ती म्हणाली. "बसायला खुर्च्या नाहीत, द्यायला पेपर नाहीत. म्हणून उत्तरेचं पाकीट फोडलं आणि त्यातले साठ काढले. दुसरं काय करणार होते मी?"

"साठ मुलं? अशी अचानक? कुत्र्याच्या छत्र्या उगवल्यासारखी?"

"आमच्या शिक्षणाधिकारी बाईंना फोन केला होता. म्हणाल्या, 'सोयीसाठी तुमच्याकडे पाठवलीत, बसवून घ्या, थँक्यू.' एवढंच."

"हे तू लिहून दिलंस?"

"दिलं. मंडळाने उलट कळवलं, दक्षिणेची मुलं एकशेऐंशी, पेपर दिले एकशेऐंशी. एकही जास्त नाही."

ताळेबाईंनी दोन्ही आकडे मनात शेजारी ठेवले. त्यांचा सगळा जन्म एका विश्वासावर गेला होता: माणूस खोटं बोलतो, बेरीज बोलत नाही. बेरीज जुळत होती. म्हणजे धाकटी खोटं बोलत होती. जाऊ असो की आणखी कुणी.

"जाऊबाई, मला एकच सांगायचंय," धाकटी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात जीव आला. "मला चोर म्हणायचं तर म्हणू देत. पण माझी शनिवारची मुलं वाढली ना? दक्षिणेच्या तिन्ही शाळांतली जी मागे पडतात ती येतात माझ्याकडे. दोन वर्षं झाली. आकडा आला त्या दिवशी मी सगळ्यांना मैदानात उभं केलं आणि सांगितलं, तीन गुण! तुमचे! टाळ्या थांबेनात. ते आता कुणी काढून घेऊ शकत नाही."

ताळेबाईंना त्या टाळ्यांचा राग आला. चोरीच्या मालावर टाळ्या, असं त्यांच्या मनात आलं. हे शोधून काढायचंच असं त्यांनी ठरवलं, आणि ते जावेला सोडवण्यासाठी नव्हतं.

३

पेपर फुटला असेल तर तो विकत कोण घेणार? गावात एकच उत्तर होतं: क्लासवाला. बसस्टँडसमोर दोन मजली क्लास, दोन्ही विभागांची मुलं त्याच्याकडे. दारावर नवाकोरा बोर्ड लावलेला होता, 'तीन गुणांची झेप, आमच्यामुळे!'

ताळेबाईंना पाहून त्याने स्वतःच खुर्ची पुसली. "या. तुम्हीच राहिला होतात. सगळं गाव विचारून गेलं."

"मग सांगून टाका."

"बाई, पेपर माझ्या हातात आधी पडला असता तर माझा पहिला मुलगा ब्याण्णववर अडकला असता का?" तो चिडून म्हणाला. "गेल्या वर्षीचा पहिला ब्याण्णव, यंदाचा ब्याण्णव. मधली मुलं मध्येच. रडणारी तेव्हाही रडत होती, आताही रडतायत. उत्तरेची घ्या, दक्षिणेची घ्या. यंदाचं पीक गेल्या वर्षीसारखंच आहे, कणसात एक दाणा जास्त नाही."

"आणि तो बोर्ड?"

त्याने मान खाली घातली. "लावला. सगळेच आपल्यामुळे म्हणत होते, मी का मागे राहू? पण खरं सांगू? बोर्ड लावणारा शिडीवर होता, तेव्हा मी खाली उभा राहून आठवत होतो, नेमके कुणाचे वाढले. एक नाव आठवेना. मला धंद्याची लाज नाही बाई, पण त्या शिडीखाली वाटली."

ताळेबाई बाहेर आल्या त्या चक्रावून. पेपर फुटतो तेव्हा कुणीतरी वर जातं. इथे कुणीच वर गेलेलं नव्हतं, आणि सरासरी मात्र वर जाऊन बसली होती. घरातल्या कुणाचीच उंची न वाढता घर उंच झाल्यासारखं हे होतं.

परीक्षा केंद्रावर जुना शिपाई दारं पुसत होता. ताळेबाईंना तो नोकरीपासून ओळखत होता.

"मॅडम, त्या दिवसाचं विचारू नका," तो म्हणाला. "कंबर मोडली माझी. दक्षिणेच्या बाजूला पोरं उभी, खुर्च्या कमी. बाईंना घाम फुटलेला. म्हटलं उपहारगृहातून आणू. तर बघतो तो काय, उत्तरेच्या बाजूला खुर्च्या रिकाम्या! रांगच्या रांग. तिथूनच उचलल्या आणि इकडे आणल्या."

"किती होत्या रे?"

"मोजल्या कुणी? पण पन्नास-साठ सहज. त्या खुर्च्या आणि ती पोरं, इकडून तिकडे चुकल्यासारखी."

ताळेबाई पायरीवरच बसल्या. म्हणजे साठ मुलं खरोखर आली होती. धाकटीने अक्षर न् अक्षर खरं सांगितलं होतं, आणि आपण तिला छत्र्या म्हणून चिडवून आलो होतो. कानशिलं गरम झाली. शिपाई म्हणाला, पाणी आणू का? त्या नको म्हणाल्या. पाण्याने जाणारं नव्हतं ते.

पण मग मंडळाची बेरीज जुळली कशी? आणि ही साठ मुलं होती तरी कुणाची?

४

उत्तरेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना सगळे इस्त्रीसाहेब म्हणत. त्यांच्या शर्टावर माशी बसली तरी घसरावी. एरवी ते पाहुण्याला चहा, बिस्किटं आणि भाषण तिन्ही देत. आज फक्त चहा आला.

"दुर्दैवी प्रकार आहे," ते म्हणाले. "तुमच्या नात्यातल्या आहेत त्या, मला कल्पना आहे. पण कायदा म्हणजे कायदा."

"तुमच्या मुलांचे गुण वाढले. कसे?"

"सांघिक प्रयत्न." हा शब्द त्यांनी कपातल्या चहाला उद्देशून उच्चारला. "आमच्या पाचही शाळांनी..."

ताळेबाईंची नजर भिंतीवर गेली. शाळांचे फोटो रांगेत लावले होते. मोजणं हा त्यांचा आजार होता, म्हणून मोजले. पाच. सहावा खिळा रिकामा होता, आणि त्याच्याखाली भिंतीवर एक चौकोन बाकीच्या रंगापेक्षा उजळ दिसत होता.

"तिथे काय होतं साहेब?"

"कुठे? अं... पाल पडली होती. म्हणजे, फ्रेम पडली. पालीमुळे." इस्त्रीसाहेबांच्या कॉलरला त्या दिवशी पहिली सुरकुती पडली.

दक्षिणेच्या अधिकारी बाईंना थँक्यूबाई म्हणत. दार उघडलं की थँक्यू, बंद केलं की थँक्यू. त्यांच्या खोलीत फोटो तीनच होते. चौथी फ्रेम टेबलाजवळ जमिनीवर ठेवलेली होती, भिंतीकडे तोंड करून.

"लावायची राहिलीय," त्या घाईने म्हणाल्या. "खिळा नाही. तुम्ही आलात, थँक्यू हं."

"माझी जाऊ म्हणते, ती साठ मुलं तुम्ही पाठवलीत."

थँक्यूबाईंच्या तोंडून थँक्यू निघालं नाही. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "खूप चांगली शिक्षिका आहे हो ती," त्या हळूच म्हणाल्या. "मला तिच्यासमोर उभं राहवत नाही."

आरोप करणाऱ्याला राग यावा, चोराला भीती वाटावी. या दोघांच्या तोंडावर दोन्हींतलं काही नव्हतं. त्यांना लाज वाटत होती. कशाची ते ताळेबाईंना कळेना, आणि सोमवार परवावर आला.

५

रविवारी दुपारी सगळं घर ताळेबाईंकडे जेवायला येई. दोन टेबलं मांडली जात. मोठं टेबल मोठ्यांचं: सासूबाई, नवरा, दीर, दोघी जावा, आणि यंदापासून भाची, कारण ती बावीस वर्षांची होऊन नोकरीला लागली होती. लहान टेबल नातवंडांचं, तिथे सांडलवंड आणि लाथाळ्या चालत.

आज धाकटी येणार नाही असं वाटलं होतं. ती आली. वाढायला उभी राहिली, बसली मात्र नाही. सासूबाईंनी हात धरून बसवायला पाहिलं तर मोठ्या टेबलाला जागाच उरली नाही, कारण त्यांच्या चाकाच्या खुर्चीला दोघांची जागा लागते.

"ए, तू जा बरं पोरांच्यात," नवरा भाचीला म्हणाला. "मामीला बसू दे. तुझं काय, सडपातळ आहेस, तिकडे मावशील."

भाची उठली. तोंड एवढंसं झालं. ताट घेऊन ती लहान टेबलाशी जाऊन बसली आणि म्हणाली, "मला विचारलं का कुणी? तिकडे मी सगळ्यात लहान होते. इथे सगळ्यात मोठी झाले. माझ्यात काय बदललं? काही नाही!"

सगळे हसले. नवरा म्हणाला, "तुझ्यात काही नाही, पण आमचं टेबल बघ एकदम म्हातारं झालं!"

"आणि आमचं पण!" लहान टेबलावरून कुणीतरी ओरडलं.

ताळेबाईंचा घास हातातच राहिला.

मोठ्या टेबलावरून सगळ्यात लहान माणूस उठलं, त्या टेबलाचं सरासरी वय वाढलं. तेच माणूस लहान टेबलाशी जाऊन बसलं, तिथे ते सगळ्यात मोठं, म्हणून त्याही टेबलाचं सरासरी वय वाढलं. दोन्ही टेबलं म्हातारी झाली, आणि कुणाचंही वय एका दिवसाने वाढलेलं नव्हतं.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "रिक्षा बोलवा."

"जेवण?"

"ताट झाकून ठेवा."

उत्तरेच्या भिंतीवरून उतरलेली सहावी शाळा कुठली, हे नोकरीत दर वर्षी त्या सहाही शाळांचे ताळे तपासलेल्या ताळेबाईंना पाठ होतं. रिक्षा टेकडीखाली थांबली. वर जाईपर्यंत त्यांना धाप लागली. टेकडीवरच्या शाळेच्या फाटकावर पाटी नव्याने रंगवलेली होती, 'दक्षिण विभाग'. रंग पातळ मारला होता. खालून जुनी अक्षरं अजून दिसत होती, 'उत्तर विभाग'.

आवारातच राहणारे हेडमास्तर बनियनवर बाहेर आले आणि बाईमाणूस पाहून शर्ट घालायला परत आत गेले. मग दोघं व्हरांड्यात बसली.

"सुट्टीत हुकूम आला," ते म्हणाले. "प्रशासकीय सोय. आम्हाला विचारलं नाही. उत्तरेची पुस्तकांची गाडी येत असे, ती बंद झाली. प्रयोगशाळेला मुलं तिकडे जात, तेही बंद. परीक्षेच्या दिवशी मुलांना कळेना कुठल्या बाजूला बसायचं. तुमच्या त्या केंद्रप्रमुख बाई होत्या म्हणून निभावलं. त्यांनी पाकीट फोडलं नसतं तर माझी साठ मुलं बाहेर उभी राहिली असती."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारायला आलं नाही. आणि आपणहून जायला..." ते थांबले. "आपणहून जायला हवं होतं. नवीन साहेब, नवीन बाई, म्हटलं कशाला वाईटपणा. चुकलंच माझं."

"तुमच्या मुलांची सरासरी?"

"पन्नास. दर वर्षी पन्नास. उत्तरेत होतो तेव्हा म्हणायचे, तुम्ही आम्हाला खाली ओढता. आता ऐकतो, दक्षिण वर चढली. बाई, आम्ही आपले इथेच आहोत. टेकडीवर."

६

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं. मंडळाचे सचिव मधोमध, एका बाजूला इस्त्रीसाहेब, दुसऱ्या बाजूला थँक्यूबाई. धाकटी समोर एकटी, आणि तिच्यामागे दीर. ताळेबाईंना बोलायचा अधिकार नव्हता. पण सचिव एके काळी त्यांच्या हाताखाली बेरजा शिकले होते, आणि त्या उभ्या राहिल्या की ते अजूनही अर्धे उठत.

"साहेब, पेपर फुटला असता तर एखाद्या तरी मुलाचे गुण वाढले असते," ताळेबाई म्हणाल्या. "मला असं एक मूल दाखवा."

"पण सरासरी तीन..."

"सरासरी वाढली. गुण वाढले नाहीत. उत्तरेची मुलं गेल्या वर्षी तीनशे होती, सरासरी बासष्ट. त्यांतली साठ टेकडीवरच्या शाळेची, सरासरी पन्नास. ती बाजूला काढा. उरली दोनशे चाळीस, त्यांची सरासरी पासष्ट. झाली उत्तरेची प्रगती. आता ती साठ दक्षिणेत घाला. तिथे एकशेवीस मुलं, एकेचाळीसची सरासरी. त्यांत पन्नासवाली साठ आली, की होतात चव्वेचाळीस. झाली दक्षिणेची प्रगती. एका शाळेच्या फाटकावरची पाटी रंगवली, आणि दोन्ही विभागांना हार पडले."

सचिवांनी कागदावर आकडे मांडले. मग पेन खाली ठेवलं.

"म्हणून त्या दिवशी उत्तरेच्या बाजूला खुर्च्या रिकाम्या होत्या आणि दक्षिणेच्या बाजूला मुलं उभी होती. पेपर जुन्या हिशेबाने आले, मुलं नव्या हिशेबाने. पाकीट फोडलं ते या घोळामुळे. मागाहून नोंदी नव्या हिशेबाने लावल्या, म्हणून तुमची बेरीज जुळली. माझी जाऊ पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती. बेरीज जुळली की आपण माणसाचं ऐकत नाही. मीही ऐकलं नाही."

सचिवांनी डावीकडे पाहिलं. "साहेब?"

इस्त्रीसाहेबांनी रुमाल काढला, पण घाम पुसला नाही. "शाळा हलवायची कल्पना माझी," ते म्हणाले. "आम्हाला ती खाली ओढत होती. यांना ती वर नेणार होती. हुकूम कायदेशीर आहे. गुन्हा काहीच नव्हता त्यात."

"मग पेपरफुटीची ओरड झाली तेव्हा बोलला का नाहीत? एका वाक्याचं काम होतं," सचिव म्हणाले.

उत्तर थँक्यूबाईंनी दिलं. "काय सांगणार होतो? माझा सत्कार झाला. शाळेशाळेतून मी भाषणं केली. पेपर फुटला म्हटलं तर निदान एक कुणीतरी चोर, बाकीचे फसलेले. खरं सांगितलं असतं तर कळलं असतं की मुळात काही झालंच नव्हतं. हार कशाबद्दल घातले, हे कुणी विचारलं असतं तर... मला लाज वाटली हो. लाजेपोटी मी तिचा बळी दिला."

चोर सोडून संन्याशाला फाशी असं म्हणतात. इथे तर चोरही नव्हता. एका रिकाम्या हंड्याची अब्रू राखण्यासाठी दोन साहेब लोकांनी एका बाईला वेशीवर टांगलं होतं.

निलंबन तिथल्या तिथे रद्द झालं. सचिव उठले आणि म्हणाले, "मंडळ दिलगीर आहे." दीर डोळे पुसत होता. धाकटीचा चेहरा मात्र मोकळा झाला नाही. ती टेबलावरच्या त्या कागदाकडे पाहत होती, आणि तिचे ओठ हलत होते.

ती हिशेब करत होती.

७

बाहेर व्हरांड्यात तिने ताळेबाईंना गाठलं. दीर रिक्षा बघायला खाली गेला होता.

"जाऊबाई, मला ती साठ मुलं काढून सांगा."

ताळेबाईंना प्रश्न कळला होता. काल टेकडी उतरताना प्रत्येक पायरीवर त्यांना हाच प्रश्न भेटला होता. जावेला चोरीतून सोडवायचं तर तिच्याकडून काय काढून घ्यावं लागणार, हे त्यांना रात्रभर माहीत होतं. आणि ते आपण आधी तिला एकांतात सांगायला हवं होतं, भर चौकशीत नव्हे, हे त्यांना आत्ता सुचत होतं.

"निकालावर जाऊ नको गं," त्या म्हणाल्या. "मुलं दर वर्षी वेगळी असतात. एखादं वर्ष..."

"आकडा सांगा."

"एकेचाळीस."

"गेल्या वर्षी?"

"एकेचाळीस."

धाकटीने कठड्यावर हात टेकले. खाली रस्त्यावर एक माणूस सायकलला हवा भरत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"ज्यांना बरे मार्क पडतात तीच सांगायला येतात घरी," ती म्हणाली. "दहाबारा आली होती. मला वाटलं, सगळेच. तीन गुण ऐकले आणि मी लगेच म्हटलं, माझे. कुणाचे वाढले, हे एकदासुद्धा विचारलं नाही."

"ते क्लासवाल्यानेही बोर्ड लावेपर्यंत विचारलं नाही. साहेबांनीही नाही."

"ते जाऊ दे. मी त्यांची बाई आहे."

ताळेबाईंना अजून एक बोलायचं होतं. आयुष्यात त्यांनी दुसऱ्यांच्या चुकांवर लाल खुणा केल्या होत्या, स्वतःच्या चुकीवर कुठे खूण करतात ते त्यांना माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी ते तसंच बाहेर ढकललं.

"त्या दिवशी दारात मी विचारलं, कुणासाठी फोडला. तू फोडलास का, असं नाही विचारलं. आणि खरं सांगते, बातमी ऐकून मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं. मला तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटते."

"माहीत आहे मला," धाकटी म्हणाली. रागाने नाही, नुसतीच. "तुमचा चेहरा दिसला होता जिन्यातून."

खालून दिराने हाक मारली, रिक्षा मिळाली होती. दोन जिने उतरल्यावर धाकटी थांबली.

"शनिवारी मुलं येतील. त्यांना सांगावं लागेल."

"मी येते," ताळेबाई चटकन म्हणाल्या. "आकड्यांचं आहे, मी सांगेन समजावून. त्यांना वाईट वाटणार नाही असं सांगेन. तू बोलू नकोस काही."

धाकटीने मान हलवली.

"या तुम्ही, मागे बसा. पण सांगणार मीच. टाळ्या मी वाजवायला लावल्या होत्या."